सीआरपीचा आकडा म्हणजे वंशाची कुंडली नव्हे

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा : ‘शरीरातला दाह दाखवणारा सीआरपी जनुकांनीच ठरतो. वाढलेला सीआरपी बारीक रक्तवाहिन्या पोखरतो. काही वंशांत तो जन्मजात जास्त, म्हणून त्यांचे मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे लवकर बिघडतात. आहार-औषधांनी फारसं काही होत नाही.’ सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. संदेशात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच हा माल खपतो.

‘जनुकांनीच ठरतो’ यातला ‘च’ काढा, मग बोलू. कुटुंबांच्या आणि जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण पाव ते निम्मा भाग आनुवंशिक निघतो. बाकी वजन, धूम्रपान, हिरड्यांची सूज, नुकताच येऊन गेलेला ताप. सीआरपी तयार होतो यकृतात, पण मुख्यतः इंटरल्युकिन-6 या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या हुकुमानं, आणि तो हुकूम चरबीच्या पेशीही सोडतात. शिवाय रक्तात सीआरपीचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, जेमतेम 19 तास. ऐन तापात 12 (मिलिग्रॅम प्रति लिटर) आलेला आकडा तीन आठवड्यांनी 1 च्या खाली दिसू शकतो. जनुकं तीच असतात. म्हणून 10 च्या वरचा आकडा हृदयाचा धोका ठरवायला धरत नाहीत, काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतात.

खरी गोम ‘पोखरतो’ या शब्दात आहे. सीआरपीच्या स्वतःच्या जनुकाची काही रूपं पातळी जन्मभर चढी ठेवतात. तोच गुन्हेगार असता तर या लोकांत रोग जास्त दिसायला हवा होता. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2008 मध्ये नेमकं हेच तपासलं. पातळी 64 टक्क्यांपर्यंत जास्त, पण हृदयविकार आणि पक्षाघातात तशी वाढ नाही. गंमत म्हणजे एपीओई जनुकाचं ई4 रूप असलेल्यांचा सीआरपी सरासरीनं कमी असतो आणि अल्झायमरचा धोका जास्त! म्हणजे दाह निरुपद्रवी, असं मात्र नाही. कॅन्टोस चाचणीत (2017) इंटरल्युकिन-6 च्याही वरच्या पायरीवरचं इंटरल्युकिन-1 बीटा अडवणाऱ्या औषधाच्या 150 मिलिग्रॅम मात्रेनं हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना 15 टक्क्यांनी घटल्या. कारभार वरच्या साखळीत चालतो; सीआरपी हा त्याचा निरोप्या.

बारीक वाहिन्या जनुकांमुळे बिघडतातच, पण वाट वेगळी असते. कॅडासिल हा आजार घ्या. नॉच-3 जनुकातल्या बदलामुळे मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीत प्रथिनाचे थर साचतात, त्यातले स्नायू झिजतात आणि पुढे छोटे पक्षाघात होतात. हे जनुक 1996 मध्ये सापडलं. इथं सुरुवात भिंतीतच होते, सीआरपी वाढायची वाट कोणी पाहत नाही.

आता वंश. इथं एपीओएल-1 चं उदाहरण हमखास पुढे येतं आणि ते खरंही आहे. या जनुकाची जी-1 आणि जी-2 रूपं आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे पसरणाऱ्या झोपेच्या आजाराच्या (स्लीपिंग सिकनेस) परजीवीपासून बचाव करतात. पण आई-वडील दोघांकडूनही अशी रूपं आली तर मूत्रपिंडाच्या रोगाचा धोका बराच वाढतो. पश्चिम आफ्रिकेत ती भरपूर, इथिओपियात जवळपास नाहीत. मग ‘आफ्रिकन वंश’ या शिक्क्यानं काय सांगितलं? आणि दोन प्रती असलेल्यांपैकीही बहुतेकांची मूत्रपिंडं शाबूत राहतात. धोका वाढवतं ते जनुकाचं रूप, त्वचेचा रंग नव्हे. समूहांच्या सरासरी सीआरपीत फरक दिसतो हे मान्य, पण वजनाचा हिशेब धरला की तोही बराच आकसतो.

राहिलं ‘काही होत नाही’. या वाहिन्यांचे दोन मोठे वैरी रक्तदाब आणि मधुमेह. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात (1998) टाइप 2 मधुमेहींचा रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवल्यावर बारीक वाहिन्यांचे विकार 37 टक्क्यांनी कमी झाले, साखर काटेकोर ठेवल्यावर 25 टक्क्यांनी. त्यात गोऱ्यांबरोबर भारतीय आणि आफ्रो-कॅरिबियन वंशाचे रुग्णही होते.

वाहिन्यांचीच चौकशी करायची तर सीआरपीपेक्षा सरळ रस्ते आहेत. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली की डॉक्टरांना पडद्यावरच्या वाहिन्या उघड्या दिसतात. मधुमेहानं त्या बिघडल्या असतील तर आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. मूत्रपिंडाचं गाऱ्हाणं लघवीतून झिरपणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून कळतं, बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) वाढायच्या पुष्कळ आधी.