भिंतीवर चित्र आहे, मग चित्रकाराचं नाव कुठे आहे?

मुंबईतल्या भिंतींवरच्या चित्रांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. रस्त्यावरच्या प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचं नाव, गाव आणि साल असलं पाहिजे, येता-जाता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आणि चित्र सरकारच्या किंवा पालिकेच्या पैशातून काढलेलं असेल तर हे सक्तीचं असलं पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उठून भिंती बघत फिरायचं वेड मला चॅपल रोडनं लावलं. वांद्रे पश्चिमेला, रानवार या जुन्या पाखाडीजवळचा, म्हणजे जुन्या वस्तीजवळचा, हा अरुंद रस्ता. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती, कुटुंबांची जुनी घरं, कौलं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कोपऱ्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस. त्या घरांच्या भिंतींवर चित्रं आहेत. संग्रहालयात चित्राभोवती मोकळी जागा सोडलेली असते; इथे चित्राच्या अंगावरच संसार मांडलेला असतो. विजेच्या मीटरचा डबा, एसीचा पाइप, वाळत घातलेले टॉवेल, खाली लावलेली स्कूटर. एका भिंतीवर तर सांडपाण्याच्या पाइपाचं चित्रकारानं झाडाचं खोड करून टाकलं होतं आणि पाइपाच्या सांध्यावर बरोबर एक पोपट बसवला होता. सांधा थोडा गळत असावा. पोपटाच्या पोटाखाली खरं शेवाळ आलं होतं आणि रंगवलेल्या हिरव्यात ते इतकं मिसळून गेलं होतं की रंग कुठे संपतो आणि शेवाळ कुठे सुरू होतं हे बोट लावल्याशिवाय कळत नव्हतं.

मी सही शोधली. कोपऱ्यात नाही, खाली नाही, पाइपामागे नाही. शेजारच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "पोरगा होता गं. रोज यायचा सकाळी. चहा आम्हीच द्यायचो त्याला. नाव काय बरं त्याचं..." मग आत सुनेला हाक मारून विचारलं. सुनेलाही आठवेना. दोघींना त्याच्या टोपीचा रंग आठवत होता, तो कमी साखरेचा चहा प्यायचा हे आठवत होतं. ज्यांच्या भिंतीवर चित्र आहे आणि ज्यांनी त्याला चहा पाजला, त्यांच्याकडेही नाव उरलेलं नाही, हे मला फार लागलं.

आता नाव कळलं की काय होतं ते सांगते. याच चॅपल रोडवर 1953 च्या 'अनारकली' सिनेमाचं पोस्टर भिंतभर रंगवलेलं होतं. ते रणजित दहिया यांचं काम. हे हरियाणातल्या खेड्यातले. सुरुवातीला घरांना चुना लावायचं, रंग द्यायचं काम करायचे. पुढे चंदीगडच्या कला महाविद्यालयात गेले, तिथून अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, आणि मग मुंबईत. 2012 मध्ये त्यांनी 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. ज्या शहरात सिनेमा तयार होतो त्या शहराच्या भिंतींवर सिनेमा दिसत का नाही, असा त्यामागचा साधा विचार. 2014 मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर त्यांनी दादासाहेब फाळके काढले, मजल्यामागून मजले व्यापणारे.

फाळके स्वतः 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेलेले. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा आधी चित्रकलेत, मग फोटोग्राफीत, मग छपाईत रमला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आला. म्हणजे हातात ब्रश धरून सुरुवात केलेल्या माणसाचा चेहरा, भिंतीला चुना लावत सुरुवात केलेल्या माणसानं, मुंबईत इमारतभर काढला. हे कळल्यापासून मला ते चित्र वेगळंच दिसतं. ही सगळी गोष्ट हाताशी आली ती रणजित दहिया हे नाव माहीत होतं म्हणून. पोपटवाल्या पोराचीही अशी काहीतरी गोष्ट असणारच ना? ती आता कुठून मिळवायची?

गिरगावातल्या एका म्हाताऱ्या पेंटरकाकांशी यावर खूप बोलले आहे. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं सिनेमाची हॉर्डिंगं रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि काम संपलं. ते सांगतात, हातात पोस्टकार्डाएवढा फोटो असायचा. त्याच्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर पाडायच्या. त्यासाठी सुतळीला नीळ लावायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. टप्प! सरळ निळी रेघ. मग एकेक चौकट मोठी करत जायचं. चेहरा उस्ताद करणार, त्यातही डोळे सगळ्यात शेवटी. कपडे आणि मागचं आभाळ पोरांकडे. हॉर्डिंगच्या खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव पडायचं, पोरांचं कधीच नाही. "आमचं काम सगळ्या मुंबईनं बघितलंय, पण माझं म्हणून दाखवायला माझ्याकडे एकही नाही," असं ते अगदी साधेपणानं सांगतात. एम. एफ. हुसेनही तरुणपणी याच शहरात हॉर्डिंगं रंगवायचे. पुढे ते कॅनव्हासवर सही करू लागले, जगभर गेले. पण त्यांच्याबरोबर त्या काळी हॉर्डिंगं रंगवणारे बाकीचे हात कोणाचे होते, हे आज कोण सांगणार?

चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे रंगीबेरंगी गांधीजी तर लाखो लोकांनी बघितलेत. 2018 मध्ये, गांधीजींच्या जन्माचं दीडशेवं वर्ष सुरू झालं तेव्हा, ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या एदुआर्दो कोब्रा यांनी ते काढले. चेहऱ्यावरून आरपार जाणारे भडक रंगांचे चौकोन आणि त्रिकोण ही त्यांची खूण, जगात कुठेही ओळखू येते. मी ऑफिसमधल्या मंडळींना विचारून बघितलं. सगळे वर्षानुवर्षं चर्चगेटला उतरणारे. कोणालाच नाव सांगता आलं नाही. जगप्रसिद्ध चित्रकाराची ही गत, तर बाकीच्यांचं काय होणार?

आणि आता जिथे मला सगळ्यात जास्त राग येतो तिथे येते. वारली.

शहरात कुठेही भिंत सुशोभित करायची म्हटली की कोणाच्या तरी मनात पहिल्यांदा वारली येतं. उड्डाणपुलाचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, स्वच्छतागृहं, रेल्वे स्टेशनं. गेरू रंगाचा पट्टा मारायचा, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं उमटवायची, झालं काम. माझ्या घराजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर असंच 'वारली' आहे. मी जवळ जाऊन नीट बघितलं. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचं गोल रिंगण होतं, चहूबाजूंनी बंद, आणि तारपा वाजवणारा नव्हताच! खऱ्या चित्रात तारपावाला हा नाचाचा प्राण असतो. नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत वळत उलगडत जाते, तिला एक मोकळं टोक असतं. इथे साचा धरून एकच माणूस गोल फिरवून पुन्हा पुन्हा उमटवला होता. ते रंगवणाऱ्या मजुरांचा यात काही दोष नाही. त्यांना चौरस फुटाच्या दरानं काम सांगितलेलं असतं, ते त्यांनी केलं.

पण ही कला भिंतीचीच आहे हे तरी आठवावं. डहाणू, तलासरी, जव्हार भागात लग्नाच्या वेळी घरातल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. शेणानं आणि गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघाट ही सुफलतेची देवी. हे सगळं पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातात होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कलाकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद दिला आणि वारली जगापुढे गेली. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांचं नाव जगाला माहीत झालं त्याआधी किती बायकांनी किती भिंती लिहिल्या असतील!

इथे मला एकदा मैत्रिणीनं अडवलं होतं. म्हणाली, त्या बायका कुठे सही करायच्या? त्यांना नाव नको होतं, मग तूच कशाला नाव-नाव करतेस? प्रश्न चांगला आहे, मी त्यावर बराच विचार केला आहे. पाड्यावर नाव लिहायची गरजच नव्हती. चौक कोणी लिहिला हे पाड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं, कारण लिहिणारी त्याचीच मावशी किंवा आत्या. तिला मान मिळायचा तो समोरासमोर. मुंबईत तसं नाही. इथे भिंत रंगवणारा विरारहून येतो, मुंब्र्याहून येतो, परांचीवर उन्हात दिवस काढतो आणि काम संपलं की गर्दीत नाहीसा होतो. त्याला त्या गल्लीत ओळखणारं कोणी नसतं. इथे नाव लिहावंच लागेल.

काही जण मुद्दामच नाव लपवतात, हेही खरं. परवानगी न घेता रात्रीत ग्राफिटी करून जाणाऱ्यांना नाव लिहून पोलिसांना निमंत्रण द्यायचं नसतं. त्यांचं त्यांच्यापाशी. मी बोलते आहे ते परवानगीनं, ठेकेदारामार्फत किंवा प्रायोजकांच्या पैशातून होणाऱ्या कामांबद्दल. तिथे रंगाच्या कंपनीचं नाव असतं, उद्घाटकाचं असतं, कित्येकदा नगरसेवकाच्या फोटोसकट असतं. परांचीवर चढलेल्याचं तेवढं नसतं.

कायदाही चित्रकाराच्या बाजूचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं की कलाकारानं कृतीचे हक्क दुसऱ्याला दिले, तरी ती माझी आहे असं म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तिची मोडतोड होऊन त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर तो कोर्टात जाऊ शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल गेले होते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाख रुपये नुकसानभरपाई. पण सहगल यांना दाद मागता आली ती ते काम त्यांचं आहे हे सगळ्या देशाला माहीत होतं म्हणून. शाळेच्या भिंतीवर रंगवणाऱ्यानं कोर्टात काय दाखवायचं?

चित्र कायम टिकावं असा माझा हट्ट नाही. वांद्र्यातली जुनी घरं पुनर्विकासाला जात आहेत, त्यांच्याबरोबर भिंती जाणार. एरवीही मुंबईचा पाऊस कोणाला सोडत नाही. आधी तळाशी ओल धरते, मग पापुद्रे सुटतात. तुलसी पाइप रोडवर, रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर, 2009 च्या ऑगस्टमध्ये शेकडो लोकांनी चित्रं काढली होती. त्यात चित्रकार होते तसे हौशी लोकही होते, ज्यांनी शाळा सुटल्यावर पहिल्यांदा ब्रश हातात धरला असेल. मला ती भिंत अतिशय आवडायची, लोकल चुकली तरी चालेल म्हणून मी माटुंग्याला उतरून माहीमपर्यंत चालत जायचे. चित्रांवर चित्रं चढत गेली, जुनी पुसली गेली. त्याचं दुःख मी करत नाही. भिंतीच्या चित्राचं आयुष्य तेवढंच.

पण नावाला खर्च किती येतो? वीतभर जागा आणि उरलेला रंग. कामाच्या निविदेत एक ओळ घालायची की चित्रकाराचं आणि त्याच्या मदतनीसांचं नाव लिहिल्याशिवाय बिल निघणार नाही. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक साधी वही ठेवायची: कुठली भिंत, कोणी रंगवली, कधी, आणि सोबत एक फोटो. भिंत पडली तरी वही राहील. एखाद्या पोराला पुढचं काम मागायला जाताना ती वही दाखवता येईल, हे काही थोडं नाही.

आपल्यालाही करण्यासारखं आहे. भिंतीसमोर उभं राहून फोटो काढता ना? त्याआधी दोन मिनिटं सही शोधा. सापडली तर फोटोखाली लिहा. सापडली नाही तर समोरच्या दुकानदाराला, वॉचमनला, पायरीवर बसलेल्या आजींना विचारा. चित्र नवीन असेल तर हमखास कोणाला तरी आठवत असतं, आणि उशीर केला तर नाही आठवत. चॅपल रोडवर त्या पाइपाच्या झाडावरचा पोपट कोणी काढला हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल, तर कृपा करून मला कळवा. त्या आजींनाही सांगायचं आहे.