डेल्टा आमच्या पंपाच्या खोलीतही आहे

‘डेल्टा’ या शब्दावरच्या तुमच्या लेखात त्याचे दोनच अर्थ आलेत, नदीमुखाचा त्रिभुज प्रदेश आणि करोनाचा प्रकार. आम्हा मोटारवाल्यांना विसरलात की राव! लालबागच्या एका जुन्या इमारतीचा पंप मी बघतो. बटण दाबलं की स्टार्टरची पेटी मोटारीला आधी ‘स्टार’मध्ये फिरवते, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची (आतल्या तारांच्या गुंडाळ्यांची) एकेक टोकं एकाच जागी जोडून. लाइन ४१५ व्होल्टची, पण प्रत्येक वाइंडिंगला २४०च मिळतात आणि लाइनचा करंट थेट डेल्टात सुरू केल्याच्या एक तृतीयांशावर येतो. पाचसात सेकंदांनी पेटीत ‘खट्’ वाजतं, मोटारीचा सूर बदलतो. गेली डेल्टात! तीन वाइंडिंगची टोकं एकमेकांना जोडून झालेला त्रिकोण, अगदी ग्रीकांच्या मोठ्या डेल्टा अक्षरासारखा (Δ). (तो खट् आला नाही की वरच्या मजल्यांवर पाणी नाही, आणि माझा फोन सुरू.)

अक्षराचं नाव फिनिशियन ‘दालेथ’वरून आलं, म्हणजे दार. करोनाच्या प्रकाराला तर लोक सरळ ‘इंडियन’ म्हणायचे. मे २०२१च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं दिली, ते बरंच झालं. त्रिभुज प्रदेश मात्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला. आपल्या कोकणातल्या नद्यांना कुठला डेल्टा, सगळ्या खाड्याच.