ऑनलाइनच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे

ठाण्यातली दुकानं ऑनलाइनने खाल्ली, असं हल्ली कोणीही ठोकून देतं. मला नाही पटत. गोखले रोड, राम मारुती रोडवरचे माझ्या ओळखीतले दुकानदार आठवून बघते. गाळा स्वतःचा किंवा पागडीचा (एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्यावर घेतलेला) होता, ते बहुतेक अजून गल्ल्यावर आहेत. गेले ते भाड्याचे.

मार्च 2020 मध्ये शटर पडलं. जूनमध्ये उघडलं तेही पी-वन, पी-टू करत: आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. जुलैत ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन. एप्रिल 2021 मध्ये ऐन पाडव्याच्या तोंडावर 'ब्रेक द चेन'चे निर्बंध. भाड्याला मात्र पी-वन, पी-टू कधी लागलं नाही.

आमच्या नौपाड्यात मॅचिंग सेंटरवाले एक काका होते. साडीचा पदर घेऊन दारात यायचे, उजेडात धरायचे आणि "ताई, हा राणी नाही, वांगी आहे" म्हणत वरच्या फळीवरचा तिसराच तागा काढायचे. ब्लाउजचं टू बाय टू कापड, अस्तर, फॉल, सगळं तिथेच. हे अ‍ॅपवर कुणी करून दाखवावं! काकांचं गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. मालकाने सुरुवातीला "सावकाश द्या" म्हटलं, अनलॉक झाल्यावर थकलेलं सगळं एकदम मागितलं आणि करार संपताच नवा आकडा सांगितला. आता तिथे मोमो मिळतात. (चांगले असतात, मीही खाते.)

किराणावाले तरले. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने, सामान पोऱ्या घरी आणून देतो.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. फेरीवाल्यांसाठी केंद्राच्या स्वनिधी योजनेतून 10 हजारांचं कर्ज आलं. व्यावसायिकांसाठी सरकारी हमीवर वाढीव कर्ज होतं, पण ते आधीचं कर्ज चालू असलेल्यांना. ज्याने आयुष्यभर 'कर्ज नको रे बाबा' म्हणत धंदा केला, तो नेमका बाहेर राहिला.

आणि हे गाळेमालक कोण? "एक गाळा घेऊन ठेवलाय, भाडं छान येतं" असं लग्नाच्या पंगतीत सांगणारे आपलेच काका-मामा. त्याच पंगतीत 'मराठी माणूस धंद्यात टिकत नाही' यावरही चर्चा रंगते.

मॅचिंगवाले काका-काकू आता घरी फॉल-पिको करून देतात. नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. ब्लाउजपीस मात्र तुमचा तुम्ही शोधा.