‘कबुली दिली की सुटला’ असं कुठे लिहिलंय?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. आटोपशीर आणि चटपटीत आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच पटतो. सार असं: ख्रिस्ती धर्मात न्याय नावाची चीजच नाही. रविवारी कबुली द्या, सोमवारपासून पुन्हा मोकळे. जुन्या करारातला देव सूड उगवणारा होता, नव्या करारात त्यालाच क्षमाशील करून टाकलं. ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणजे अन्याय निमूट सोसा. पुरावा म्हणून येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर: जन्मभर लूटमार, शेवटच्या घटकेला दोन वाक्यं आणि थेट स्वर्ग. मग अखेरचा टोला: ज्याचं वाटोळं झालं त्याला कुणी विचारलं का?

हा टोला खरा आहे, त्याच्याकडे येतोच. बाकीचं बहुतेक ऐकीव.

कबुलीपासून सुरू करू. धर्मगुरूपुढे कबुली देणं हा सरसकट सगळ्या ख्रिस्ती लोकांचा संस्कार नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स तो मानतात, बहुतेक प्रोटेस्टंट मानत नाहीत. कॅथलिकांपुरतं बोलायचं, तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये या संस्कारासाठी तीन गोष्टी मागितल्या: मनापासून पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त. फिरत्या मजकुरात त्यातली मधली तेवढी उरली आहे. पुन्हा तेच करायचा बेत मनात ठेवून आलेल्याला धर्मगुरूने क्षमेचे शब्द ऐकवले, तरी ते लागू पडत नाहीत. चोरलेला माल परत करायची तयारी नसेल तर कबुली पोकळच.

हे परिषदेच्या कागदावरचंच नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पाहा. यरीहोचा मुख्य जकातदार, गबर श्रीमंत, आणि इतका बुटका की गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. या चौपटीत खरी गंमत आहे. आपणहून चूक कबूल करणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात मुद्दल अधिक एक पंचमांश एवढीच भरपाई होती (जुन्या करारातलं गणना, अध्याय 5). चौपट भरायची ती मेंढरू चोरून कापणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने (निर्गम, अध्याय 22). म्हणजे वीस टक्के जादा देऊन जक्कयला सुटता आलं असतं, पण त्याने स्वतःला मेंढरूचोराचा दर लावून घेतला. येशू आधी घरी आला, हिशेब नंतर झाला, हे मान्य. पण हिशेब झाला.

आता मजकुरात कुठे तथ्य आहे तेही सांगतो, नाहीतर हा प्रतिवाद म्हणजे वकिली व्हायची. क्षमेच्या नावाखाली चर्चनेच न्याय बुडवल्याचे प्रसंग आहेत. पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांचा बाजार मांडला गेला, त्यावर 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उसळला. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना पोलिसांकडे न देता गुपचूप दुसऱ्या ठिकाणी पाठवलं गेलं. हे पाप झाकणं होतं, त्याला क्षमा म्हणवत नाही. आणि तशी शिकवण असल्याचा बचाव चर्चलाही करता आला नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मार्च 2010 मध्ये आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी अशा धर्मगुरूंना सरळ बजावलं की तुम्हाला देवापुढे आणि रीतसर न्यायासनांपुढे, दोन्हीकडे जाब द्यावा लागेल. हे शहाणपण फार उशिरा आलं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

सूडाचा देव आणि क्षमेचा देव अशी फाळणी मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने दुसऱ्या शतकातच करून पाहिली होती. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. जुन्या करारातला ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा सूडाचा परवाना नव्हता, तो सूडाला घातलेला बांध होता: एका डोळ्यापायी कुणी जीव घेऊ नये. बांधाआधी काय चालायचं ते उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. लामेख नावाचा माणूस आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की माझा सूड सत्याहत्तर पट. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूच्या उत्तरात तोच आकडा येतो; उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरात आणि मत्तयाच्या ग्रीक मजकुरात शब्द अगदी तेच आहेत. लामेखचा हिशेब उलटा फिरवलाय.

मत्तयाच्या त्याच अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला निर्दय चाकर मात्र या फिरत्या मजकुरात कधी भेटत नाही. त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ होतं. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, असं धरलं तर दीड लाख वर्षांहून जास्त मजुरी. बाहेर पडताच तो शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. धन्याला कळतं आणि दिलेली माफी रद्द होते.

दुसऱ्या गालाचं वाक्य म्हणणाऱ्याच्याच थोबाडीत बसली तेव्हा काय झालं? योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, नसेन तर मारतोस का, असा जाब विचारतो. येशूचा प्रेषित पौल याला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी गुपचूप सोडायला आले तेव्हा हा अडून बसला: मी रोमी नागरिक आहे, अधिकाऱ्यांनी स्वतः यावं. ते आले. सूड सोडायचा, तक्रार नव्हे.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर 13 मे 1981 ला गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी इस्पितळातूनच त्यांनी हल्लेखोराला क्षमा केल्याचं जाहीर केलं. जुलैत त्याला जन्मठेप झाली. डिसेंबर 1983 मध्ये पोप तुरुंगात जाऊन त्याला भेटले, आणि भेट संपल्यावर एकटेच बाहेर आले. तो इटलीच्या तुरुंगातून सुटला 2000 साली, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यावर.

चोराचं थोडक्यात. आम्ही आमच्या कर्माचं फळ भोगतोय, असं तो आधी कबूल करतो. क्षमा मिळाल्यावरही त्याला कुणी खाली उतरवलं नाही. संध्याकाळी शिपायांनी त्याचे पाय मोडले.

राहिला पीडिताचा प्रश्न. येशू म्हणतो, वेदीपाशी आल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर आणि मग ये. म्हणजे भावाला वळसा घालून देवाकडे जायची वाट नाही. पण भाऊ जिवंत नसेल तर? त्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार मला कुणाकडेच दिसत नाही, आणि धार्मिक माणसं तो फार सहज हातात घेतात. नव्या करारात या मेलेल्यांना एका जागी आवाज मिळतो, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात. वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात: प्रभू, आमच्या रक्ताचा न्याय करायला अजून किती काळ? तुम्ही आधी क्षमा करा, असं त्यांना तिथे कुणी सांगत नाही. प्रत्येकाला पांढरा झगा मिळतो आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं.