‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’बद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६ ही जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधला डेटाबेस प्रोग्राम ग्राहकाच्या मशीनवर चालेना, तर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करावं, म्हणजे पूर्ण अधिकारांनी चालवावं, तरी अडलं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा टाकावं. एवढ्यासाठी मी पानभर कशाला लिहिलं? आणि दुसरा, मी सांगितल्याप्रमाणे ओडीबीसीची (डेटाबेसशी जोडणी ठरवण्याची) खिडकी उघडली, तर त्यात तुम्हाला ड्रायव्हर दिसलाच नाही.

दुसरं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ६४ बिट विंडोजमध्ये त्या खिडकीच्या दोन फायली असतात आणि दोन्हींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. सिस्टिम३२ फोल्डरमधली ६४ बिटची, आणि सिसवाव६४ मधली ३२ बिटची. नावं वाचून बरोबर उलटं वाटतं. व्हीबी६ चा प्रोग्राम कायम ३२ बिटचाच, म्हणून तुम्ही सिसवाव६४ मधली बघायला हवी होती आणि हे मी लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचा वेळ गेला त्याबद्दल माफ करा.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. ‘प्रोव्हायडर सापडत नाही, कदाचित नीट इन्स्टॉल झालेला नाही’ असा एरर येतो, म्हणून पुन्हा इन्स्टॉल करावंसं वाटणं साहजिक आहे. पण बऱ्याचदा एसीई प्रोव्हायडर (ऑफिसबरोबर येणारा, प्रोग्रामला अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसशी जोडणारा भाग) मशीनवर असतो, फक्त ६४ बिटचा असतो. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटची डीएलएल (अशा भागाच्या कोडची फाइल) स्वतःत लोड करू शकत नाही. त्याला कितीही अधिकार द्या, फरक पडत नाही. ऑफिस २०१० पासून ६४ बिटची आवृत्ती मिळू लागली आणि २०१९ पासून, वेगळं निवडलं नाही तर, तीच बसते. काढून पुन्हा टाकलं की तीच पुन्हा बसणार, एरर जिथल्या तिथे. तुमची फाइल एमडीबी (अ‍ॅक्सेसचा जुना फाइल प्रकार) असेल तर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोव्हायडर आणि फाइल सांगणाऱ्या ओळीत, एसीईऐवजी जेट ४.० हा जुना प्रोव्हायडर लिहून बघा. तो ३२ बिटचाच आहे आणि विंडोजबरोबरच येतो, ऑफिस कुठलंही असो. फाइल एसीसीडीबी (अ‍ॅक्सेसचा नवा प्रकार) असेल तर जेटला ती वाचता येत नाही; मग ग्राहकाला विचारून ३२ बिटचं ऑफिस बसवणं हाच सरळ मार्ग.

आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मी एका ठिकाणी प्रोग्राम आणि एमडीबी दोन्ही प्रोग्राम फाइल्समध्ये टाकून दिले होते. तिथले एक जण सवयीने ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करायचे, हिशेब बघणाऱ्या बाई साध्या डबल क्लिकने उघडायच्या. व्हिस्टापासून विंडोज साध्या डबल क्लिकने उघडलेल्या अशा जुन्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. गुपचूप फाइलची प्रत त्या व्यक्तीच्या खात्यातल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये करतं आणि पुढचं सगळं त्या प्रतीत लिहितं. एरर एकही येत नाही. तीन आठवडे दोघं आपापल्या फाइलमध्ये नोंदी करत राहिले. ११२ क्रमांकाची पावती दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे नाव वेगळं. छापलेल्या पावत्या समोर ठेवून आम्ही दोन रात्री एकेक नोंद जुळवली. त्या बाई परत परत विचारत होत्या, ‘माझं काही चुकलं का?’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी डेटा चुकीच्या जागी ठेवला होता. तेव्हापासून डेटा प्रोग्रामडेटामधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्या अख्ख्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी देतो, कारण शेजारी एलडीबी ही लॉक फाइलही (डेटाबेस कोण वापरतंय याची नोंद ठेवणारी) तयार व्हावी लागते.

तुमचे ग्राहक दोन्ही पद्धतींनी प्रोग्राम उघडत असतील, तर आजच प्रत्येकाच्या खात्यात अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं उघडून बघा. तुमच्या डेटाबेसच्या नावाची फाइल दिसली, तर आधी दोन्ही फायलींच्या प्रती बाजूला काढून ठेवा आणि त्याआधी काहीही हलवू नका. जुळवताना अडलंत तर इथेच लिहा.