इंग्रजांनी शिकवलं म्हणे!

पाहुण्यांना इथलं, सिंगापुरातलं, आर्मेनियन स्ट्रीटवरचं पेरानाकन (म्हणजे या मलय मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले, बहुतेक चिनी वंशाचे लोक) म्युझियम दाखवायला नेलं आणि डोकं फिरवून घेऊन घरी आले. मणीकामाच्या चपलांपुढे उभे राहून आमचे एक नातेवाईक म्हणाले, "काही म्हणा, इंग्रज होते म्हणून या बायका शिकल्या." पाहुणे, म्हणून गप्प बसले. इथे कशाला बसू?

आमच्या शेजारच्या आंटी पेरानाकन, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या आईला बाराव्या वर्षी शाळेतून काढलं. चिठ्ठी वाचता येते ना, झालं. मग लग्न ठरेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही, नुसत्या सासरच्यांसाठी चपला करायच्या. मोहरीपेक्षा बारीक मणी! त्यातली एक चप्पल आंटींनी मला दाखवली. गुलाबाच्या दोन पाकळ्या भरल्यात, पुढे कोरं कापड.

राज्य तेव्हा इंग्रजांचंच होतं. कुठे होतं सरकार?

1842 मध्ये सिंगापुरात मुलींची पहिली शाळा काढली ती मारिया डायर या मिशनरी बाईने, विकल्या जाणाऱ्या चिनी पोरी बघवेनात म्हणून. 1887 मध्ये सोफिया ब्लॅकमोर ऑस्ट्रेलियातून आली. तिची पहिली शाळा नऊ तमिळ मुलींची (हे आपल्या लोकांना माहीतच नसतं). मग चिनी घरांची दारं ठोठावत फिरली. बरं, मिशनऱ्यांचे हेतू वेगळे होते हे मान्य, पण उन्हातान्हात पायपीट त्यांनीच केली.

आणि 1899 ची हिल स्ट्रीटवरची चिनी मुलींची शाळा? ती डॉ. लिम बून केंग, सोंग ओंग सियांग या इथल्याच चिनी मंडळींनी उभी केली. सुरुवातीला मुली सात! आईबापच पाठवायला तयार नव्हते. या सुधारकांनाही मी डोक्यावर घेणार नाही. शिकलेल्या मुलांना शोभेलशी बायको हवी, हा हिशेब त्यांच्याही बोलण्यात होताच. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांना चिमटा काढून बघा.

तरी त्या हिशेबातूनही पोरी निसटल्या. ली चू निओ 1919 मध्ये डॉक्टर झाली, सिंगापूरची पहिली स्त्री डॉक्टर. वैद्यकीय कॉलेज सरकारी होतं, हो, तेवढं श्रेय घ्या. आंटींची आई जवळपास त्याच काळातली मुलगी. तिच्याही घरी पैसा होता, शाळाही हाकेच्या अंतरावर होती. आंटी हे सांगताना रागावत नाहीत, "आई हिशेबात पक्की होती गं" एवढंच म्हणतात. मलाच रडू येतं.

चिनी माध्यमाच्या मुलींच्या शाळा तर समाजाच्या वर्गणीवर चालल्या. 1917 ची नानयांग त्यातलीच. सरकारचं लक्ष गेलं ते चीनमधल्या 1919 च्या विद्यार्थी चळवळीचे पडसाद इथे उमटले तेव्हा. लगेच 1920 मध्ये शाळांच्या नोंदणीचा कायदा! राजकारणाचा वास आला की यांना शाळा दिसतात.

आणि त्या विकलेल्या पोरी, मुई त्साई म्हणत त्यांना, धुणीभांडी करायला घरात ठेवलेल्या? मिशनरी बाईला 1842 मध्ये दिसल्या. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करायला सरकारला 1932 उजाडलं. नव्वद वर्षं! पाहुण्यांना उद्या नाश्त्याला हेच वाढणार आहे.