‘वृक्षप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

माळरानावरच्या लेखाखाली ‘वृक्षप्रेमी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया वाचली. सुपे परिसरातले माळ नांगरू नका, जेसीबीनं खड्डे पाडून त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावू नका, कारण गवतानं हवेतून घेतलेला कार्बन तिथे जमिनीखाली साठलेला आहे, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: गवत दरवर्षी वाळतं नाहीतर जळतं, त्यात कसला आलाय कार्बन, एसीत बसून कुसळांची आरती ओवाळणाऱ्या बिनडोकांना शेतकऱ्याचं पोट दिसत नाही, आणि 2002 सालचं अमेरिकेतलं एक संशोधन माझ्या विरुद्ध जातं.

आधी एसीचं बघू. साहेब, माझं लहानपण बारामतीच्या जिरायत पट्ट्यात गेलं. आमच्या सातबाऱ्यावर बराचसा पोटखराबाच, म्हणजे पिकाला नालायक म्हणून नोंदलेली जमीन. पावसाळाभर तिथे धनगरांचे वाडे असत, दिवाळीनंतर ते कोकणात उतरत. चड्डीला चिकटलेली कुसळं उपटत शाळेत बसलेल्या माणसाला कुसळी आणि पवन्या ही गवतं बांधावरून ओळखू येतात. तुम्हाला येतात का, हे मी विचारत नाही. भाषा मात्र अशी वापरता, जणू अख्खा दुष्काळ तुम्ही एकट्यानं काढला.

त्या पोटखराब्याचा एक तुकडा वडिलांनी नांगरून बाजरी केली. पहिली काही वर्षं पीक असं आलं की भावकी बघायला यायची. मग उतरत गेलं, आणि शेणखताशिवाय काही होईना. तेव्हा सगळे म्हणाले, जमिनीला नजर लागली. कारण साधं होतं. कुसळीचा ठोंब उपटून पाहा. केसासारख्या मुळांना माती मण्यांसारखी चिकटलेली असते. मुळं मरतात, नवी येतात, आणि मेलेल्यांचा काही अंश त्या बारीक ढेकळांच्या पोटात अडकून राहतो. तिथे हवा कमी, त्यामुळे जिवाणूंचं फारसं चालत नाही. नांगरानं ढेकळं फुटली की जिवाणूंची दिवाळी. साठलेलं खातात, कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, आणि त्यात बांधलेला नत्र पिकाला मोकळा होतो. वडिलांची ती जोरदार बाजरी म्हणजे माळाची मोडलेली ठेव होती. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, पाहिलं आधी.

‘जळतं’ म्हणता, तर वणव्यात जातं ते वरचं, म्हणजे बहुतेक त्याच हंगामात हवेतून घेतलेलं. बहुवर्षायू गवताचा बुंधा आणि मुळं शाबूत राहतात. पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. झाड जळलं किंवा तोडलं की बऱ्याच वर्षांची साठवण एकदम जाते. ‘वृक्षप्रेमी’ नाव घेणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा, अशी माझी भाबडी अपेक्षा होती.

आकडेच हवेत, तर गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी 2002 मध्येच जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. कुरणाचं शेत केलं की मातीतला कार्बन सरासरी 59 टक्क्यांनी घटतो. कुरणावर झाडं लावली तर घट 10 टक्के, तीही मुख्यतः पाईनच्या जातीच्या झाडांखाली. म्हणजे लागवडीपेक्षा नांगर वाईट. हे तुमच्या बाजूचं आहे, घ्या. मेंढ्या बेसुमार झाल्या की माळ उघडा पडून माती वाहून जाते, हेही मान्य. मी कधी नाकारलं नव्हतं.

तुमचं ते अमेरिकेतलं संशोधन मीही वाचलंय. झुडपं घुसलेली जागा आणि तिच्या शेजारचं गवताळ रान, अशा सहा जोड्या त्यात तपासल्या. कोरड्या ठिकाणी मातीतला कार्बन वाढला, ओल्या ठिकाणी घटला. पण ती झुडपं आपणहून, 30 ते 100 वर्षांत आलेली. जेसीबीनं चर खणून लावलेल्या रोपांना तो निष्कर्ष कसा चिकटवता? आपला माळ त्यातल्या कोरड्यांत बसतो की ओल्यांत, हे पावसाचे आकडे जुळवत बसायला मला वेळ नाही.

शेतकऱ्याच्या पोटाचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे, आणि मेंढपाळाला पोट नसतं असं मानणाऱ्याशी तो बोलण्यात अर्थ नाही.

‘बिनडोक’ हा शब्द मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढलेला नाही. लोकांना वाचू दे.